तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्ड नेमका कुणाचा?

प्रोजेक्टसाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड चालू झाला आणि एखाद्या कंपनीने विचारणा केली, की शेवटच्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात, "सर, हा विकायचा हक्क आमचा की कॉलेजचा?"

मी आधी सह्या केलेले कागद मागतो. आपल्या कायद्यात पेटंटचा हक्क मुळात शोध लावणाऱ्याचा. तो कॉलेजकडे जायचा तर लेखी हस्तांतरण लागतं. पण प्रोजेक्ट-नोंदणीच्या फॉर्ममध्ये कधीकधी तशी एक ओळ असते आणि ती कुणी वाचलेली नसते. मग पीसीबी, म्हणजे सर्किट छापलेली पाटी, कुणाच्या पैशाने बनवून आणला, गाइडने सर्किट सुचवलं की नुसतं तपासलं, हेही निघतं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेने वाटा मागणं मी समजू शकतो. पण नुसती लॅब आणि सुटे भाग जोडायचं सोल्डरिंग स्टेशन देऊन सगळा हक्क मागणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं बघा. अँडी बेक्टोल्सहाइमने तिथे पीएचडी करताना मोटोरोला ६८००० या प्रोसेसरवर चालणारं वर्कस्टेशन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कामाचा ताकदवान संगणक, डिझाइन केलं. त्याने त्याचे परवाने काही कंपन्यांना दिले आणि १९८२ मध्ये तिघांबरोबर सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक कंपनी काढली. त्यातले विनोद खोसला जन्माने पुण्याचे. 'सन' म्हणजे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क! त्याच विद्यापीठात तयार झालेल्या राउटरवरून, म्हणजे संगणकांची नेटवर्क एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रावरून, मात्र वाद पेटला. राउटर विकणारी सिस्को कंपनी काढणारे लेन बोसॅक आणि सँडी लर्नर तिथले कर्मचारी होते. शेवटी १९८७ मध्ये विद्यापीठाने सिस्कोला सॉफ्टवेअर आणि दोन बोर्डांचा परवाना दिला, तेव्हा प्रकरण मिटलं.

तिसरी वाट अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाची. २०१० मध्ये तिथे विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांसोबत 'रिस्क-फाइव्ह' (RISC-V), म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांचा एक संच, सुरू केलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यावर चिप बनवायला रॉयल्टी लागत नाही; आयआयटी मद्रासचा 'शक्ती' प्रोसेसर त्यावरच उभा आहे. त्याच मंडळींपैकी काहींनी २०१५ मध्ये 'सायफाइव्ह' ही चिप डिझाइनची कंपनीही काढली. खुलं केलं म्हणजे धंदा बुडाला, ही भीती तुमच्या घरच्यांना असेल तर हे त्यांना जरूर सांगा.

पेटंट हवं असेल तर मात्र टेक-फेस्टमध्ये बोर्ड मांडण्याआधी, सर्किटचा फोटो इन्स्टावर टाकण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज करा. एकदा सगळ्यांसमोर आलं की नावीन्य राहिलं नाही म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आणि कुणाचा किती वाटा, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, गर्बर फाइल, म्हणजे ज्यावरून कुणीही तुमचा पीसीबी बनवू शकतो ती डिझाइनची फाइल, कंपनीला मेल करण्याआधी.