महिन्याचे पंचेचाळीस डॉलर

पेनसिल्व्हेनियातल्या एका नर्सिंग होमच्या बिझनेस ऑफिसात मी काम करते. तिथे राहणाऱ्यांच्या हातखर्चाचा हिशेब माझ्याकडे असतो. हे सांगितलं की ओळखीच्या मराठी मंडळींचा प्रश्न ठरलेला: "मेडिकेडवर आहेत म्हणजे सगळं सरकारच देतं ना? मग त्यांना पैसे लागतात कशाला?"

सगळं सरकार देत नाही. मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना. तिच्यावरच्या माणसाची सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), पेन्शन, जे काही दरमहा येतं ते आधी नर्सिंग होमच्या बिलात जातं आणि उरलेलं बिल मेडिकेड भरतं. आयुष्यभर कारखान्यात शिवणकाम केलेल्या बाईला महिन्याला १,४०० डॉलर येत असतील, तर त्यातले १,३५५ आमच्याकडे जमा. तिच्या हातात ४५. (नवरा घरी राहत असेल किंवा वेगळ्या विम्याचा हप्ता असेल तर हिशेब बदलतो, पण ४५ चे ४५ च राहतात.) हे ४५ तिचेच आहेत, तिच्याच कमाईतले. कोणी उपकार केल्यासारखं बोललं की माझं डोकं फिरतं.

किमान किती ठेवू द्यायचे हे केंद्र सरकारने ठरवलंय: ३० डॉलर. १९८८ च्या आधी २५ होते, त्या वर्षी ३० झाले आणि तिथेच अडकले. १९८८ चे ३० म्हणजे आजचे ८० च्या घरात जातात. राज्यांना जास्त द्यायची मुभा आहे, म्हणून अलास्कात २००, न्यूयॉर्कमध्ये ५०, कॅलिफोर्नियात ३५. ज्याला स्वतःचं काहीच उत्पन्न नाही, फक्त एसएसआय (गरीब वृद्ध आणि अपंगांना मिळणारा सरकारी भत्ता) आहे, तो नर्सिंग होममध्ये आल्यावर त्याचा चेक ३० वर येतो आणि वरची भर राज्य घालतं. एकट्या माजी सैनिकाची व्हीएची (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची) पेन्शन ९० वर येते, पण ते ९० त्याचे त्याला राहतात. आमच्याकडच्या जेवणाच्या टेबलावर हा आकडा सगळ्यांना पाठ आहे आणि त्यावरून टोमणेही चालतात.

जानेवारी महिना मला नकोसा होतो. सोशल सिक्युरिटीत महागाईची वाढ मिळाल्याचं पत्र येतं, आणि लोक ते पत्र घेऊन खिडकीशी येतात. वाढ खरी असते. फक्त ती बिलात जाते. मेडिकेडला तेवढं कमी भरावं लागतं. माणसाच्या हातात पुन्हा ४५. एका निवृत्त बसड्रायव्हरने ते पत्र माझ्यासमोर काचेवर चिकटवलं आणि म्हणाला, "मग हे मला पाठवतात कशाला?" मी नियम सांगितला. त्याने पत्राची घडी घालून त्यावर त्या आठवड्याचे लॉटरीचे आकडे लिहिले.

या पैशांचं लोक काय करतात? एक आजी पर्समध्ये बोटभर वही ठेवतात. पार्लरवाली महिन्यातून एकदा बाहेरून येते, तिचे पैसे आधी बाजूला. मग मोबाईलचा रिचार्ज. मग वाढदिवसाची कार्डं, आणि प्रत्येक कार्डात पाचाची कोरी नोट. कोरीच हवी. माझ्याकडे चुरगळलेली निघाली तर त्या सरळ परत करतात. पतवंडं वाढताहेत, त्यामुळे काही महिन्यांत त्या स्वतःचे केस कापून घ्यायचं टाळतात. चपला फाटल्या तर तो मोठाच प्रश्न. कपडे आणि पादत्राणं याच पैशातून घ्यायची.

एक गोष्ट मात्र घरच्यांना माहीत नसते आणि तिथे पैसे हकनाक जातात. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, दाढीचं सामान, लोशन, टिश्यू, डायपर, कपडे धुणं, हे सगळं नर्सिंग होमनेच द्यायचं असतं. केंद्राचा तसा नियमच आहे. कर्मचाऱ्यांनी केलेली साधी केसकापणीही त्यात येते. बाहेरच्या पार्लरवालीचे पैसे त्यात येत नाहीत. आमचा शाम्पू स्वस्तातला असतो हे मी कबूल करते. एखाद्याला विशिष्टच ब्रँड हवा असेल तर त्याने घ्यावा. पण "शाम्पू संपलाय, तुमच्या खात्यातून आणू का?" असं कोणी विचारलं तर उत्तर "नाही, तुम्हीच द्या" हेच. हे मी ऑफिसातली असून सांगतेय.

पैसे आमच्याकडेच ठेवायची सक्ती नाही. ठेवायचे तर लेखी संमती लागते. मेडिकेडवाल्याचे ५० डॉलरच्या वर झाले की ते व्याजाच्या खात्यात ठेवावे लागतात आणि दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो. थोडी रक्कम मागितली तर त्याच दिवशी मिळायला हवी. "मॅनेजर सुट्टीवर आहे" हे कारण चालत नाही.

आणि आता आपल्या लोकांविषयी. आमच्याकडे एक मराठी काका आहेत. मुलगा दर शनिवारी डबा घेऊन येतो, कपडे आणतो, काही कमी पडू देत नाही. खात्यातले ४५ मात्र तसेच पडून. एसएसआयने घातलेल्या शिल्लकेच्या मर्यादेला २०० डॉलर कमी राहिले की आम्हाला कळवावं लागतं, कारण शिल्लक फार वाढली तर मेडिकेडच धोक्यात येतं. तसं पत्र गेल्यावर मुलगा धावत आला. "बाबांना काय लागतं हो? सगळं मीच आणतो." काका शेजारी व्हीलचेअरवर बसले होते. मी मराठीत त्यांनाच विचारलं, काका, काय घ्यायचंय? मुलगा उत्तर द्यायला लागला, तर काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना चांगला रेडिओ हवा होता, खोलीतला दुसरा माणूस दिवसभर टीव्ही लावतो म्हणून हेडफोनसकट. आणि शनिवारी नातू आला की खाली मशीनमधून त्याला चॉकलेट घेऊन देता यावं म्हणून सुटे डॉलर. "प्रत्येक वेळी तुझ्याकडे मागायचे का?" मुलगा गप्प. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं, एवढंच.

जाताना त्याने विचारलं, बाबांच्या खात्यात मीच दरमहा शंभर टाकू का? टाकू नका. हातात किंवा खात्यात दिलेली रोख त्यांचं उत्पन्न धरली जाऊ शकते आणि मग तीही बिलात जाईल. वस्तू परस्पर घेऊन द्या, फोनचं बिल परस्पर भरा, आणि शंका असेल तर काउंटी असिस्टन्स ऑफिसात, म्हणजे मेडिकेडचं काम पाहणाऱ्या सरकारी कचेरीत, आधी विचारा.