अन्यूताच का, हे विचारलंत म्हणून

"इतके रशियन सिनेमे असताना दरवर्षी मुलांना तो नाचाचाच का दाखवता?" रशियन शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. तो सिनेमा म्हणजे 'अन्यूता', रशियन लेखक चेखवच्या 'गळ्यातली आन्ना' या गोष्टीवरची बॅले-फिल्म; अन्यूता हे आन्नाचंच लाडाचं नाव. विचारणाऱ्यांच्या तऱ्हा दोन. चेखव वाचलेल्यांना वाटतं, मी गोष्टीची वाट लावते. बॅलेवाल्यांना 'स्वान लेक' हवा असतो. दोघांनाही आजवर हसून टाळलं. आता एकदाच काय ते सांगते.

आधी तुमचं जे खरं आहे ते मान्य. १८९५ सालची 'गळ्यातली आन्ना' ही गोष्ट नाचात पुरती मावत नाही. गरीब मास्तराची अठरा वर्षांची मुलगी, बावन्न वर्षांचा सरकारी अधिकारी, लग्न, आणि मग एका बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, सगळं गाव आपल्यापुढे वाकतंय हे तिला उमगणं, एवढं मावतं. नवऱ्याला गळ्यात घालायचं सेंट आन्नाचं पदक मिळतं आणि बायकोचं नावही आन्ना, यावर मोठ्या साहेबांनी मारलेली कोटी मावत नाही. वर दिग्दर्शक अलेक्सांद्र बेलिन्स्की आणि नृत्य बसवणारा व्लादीमिर वासिल्येव यांनी गोष्टीत नसलेला एक प्रेमिक विद्यार्थी घुसवला आहे. तो मला आजही खटकतो. चेखवची आन्ना कुणाचं प्रेम सोडून लग्नाला उभी राहत नाही. ती पैशासाठी उभी राहते, आणि नवरा तिच्या हातावर दमडी ठेवत नाही. प्रेमभंग आला की तिला अर्धी माफी आपोआप मिळते. विशीतली मी तर याहून कडक होते. चेखवला साखर लावलीय, असं भर वर्गात म्हणाले होते.

तरी दाखवते, आणि ती बापासाठी. लेनफिल्म या रशियन स्टुडिओची ही १९८२ची टीव्ही फिल्म. १९६८मध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरच्या रंगमंचावर बॅलेतला बंडखोर गुलाम 'स्पार्टाकस' होऊन ज्याने झेपा घेतल्या, तो वासिल्येव इथे खांदे पाडून, बायको गेल्यावर बाटलीला लागलेला सुलेखन-चित्रकलेचा मास्तर झाला आहे. अन्यूता म्हणजे येकातेरिना माक्सिमोवा, त्याची खरीखुरी बायको, त्याच्याहून वर्षभराने मोठी. चाळिशी ओलांडलेली बाई अठरा वर्षांची पोर आणि तिचा नवरा तिचा बाप! कागदावर हसू येतं. पडद्यावर मला तरी कधी आलं नाही.

वर्गाला मात्र आलं होतं. तेच सांगायचं टाळत आलेय.

माझा धाकटा भाऊ पुण्यात कामाला आला होता, संध्याकाळी त्याला बस होती. वेळ काढायचा म्हणून वर्गात मागे येऊन बसला. फिल्म काय आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं. बाप झोकांड्या खायला लागला आणि पोरं हसली. वाईट मनाने नव्हे. दारुड्याची एन्ट्री झाली की हसायचं, हे नाटकं-सिनेमे बघून आपल्या अंगात मुरलंय. तो बाप तोल सावरायला गेला तसं एकाने तोंडाने ठेका दिला आणि हशा वाढला. भाऊ उठला, त्याने भिंतीवरची सगळी बटणं दाबून दिवे लावले. "तुमचं हसून झालं की सांगा, बंद करतो," असं म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. पोरं माझ्याकडे बघत होती. मी दिवे बंद केले आणि फिल्म पुढे चालू ठेवली. त्याच्यामागे गेले नाही.

स्वारगेटला बसची वाट बघताना त्याने तुमचाच प्रश्न विचारला. "ताई, हे तू लोकांना का दाखवतेस?"

गोष्टीच्या शेवटी आन्ना घोडागाडीतून चाललेली असते, श्रीमंत आर्तिनोव गाडी हाकत असतो. रस्त्यात बाप टोपी काढून काहीतरी ओरडायला बघतो आणि आन्नाचे दोन्ही धाकटे भाऊ त्याचे दंड धरून विनवतात, नको बाबा, पुरे बाबा. आमचे बाबा मास्तर नव्हते, सूतगिरणीत हिशेब लिहायचे. पण त्यांचे दंड माझ्या भावाने धरलेत, मी तेव्हा हॉस्टेलवर होते. "गाडीत कोण बसलंय ते तुला ठाऊक आहे ना?" तो म्हणाला. मी चिडले. शिकायला जाणं म्हणजे बापाला टाकणं नव्हे. नोकरी लागल्यापासून मी पैसे पाठवत होते. हे त्याला तेव्हाही ऐकवलं, आजही ऐकवेन. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर आहे: पैसे पोस्टाने येतात, दंड इथे येऊन धरावे लागतात.

आता माझी बाजू. गोष्ट वाचताना आपण न्यायाधीश असतो. बॉलमध्ये आन्ना चहाचा स्टॉल मांडते, बाप येऊन गुपचूप कोन्याक (ब्रँडी) पितो, दहा रुबलची नोट टाकतो आणि ऐटीत निघून जातो. तिला त्याची लाज वाटते आणि वाचणारा लगेच तिला दोषी ठरवून मोकळा. फिल्ममध्ये तसं जमत नाही. संगीतकार वालेरी गाव्रीलिनने हे सूर काही बॅलेसाठी लिहिलेले नव्हते. त्याचा एक वॉल्ट्झ रेडिओवर ऐकून बेलिन्स्कीला ही अन्यूता सुचली म्हणतात. टारँटेला हा झपाट्याचा इटालियन नाच सुरू होतो, माक्सिमोवा सुटते, आणि बाकांखाली पाय हलायला लागतात. दोन-चार मिनिटं त्या मास्तराची आठवण कुणालाच नसते. मलाही नसते. दुष्टपणा लागत नाही, नुसता आनंद पुरतो. हे मला त्या मुलांना पायांतून कळायला हवंय.

हे भावाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे स्वतःचीच वकिली." असेल. नाही असं छातीठोक सांगता येत नाही. आणि त्या उपऱ्या विद्यार्थ्यावर मी इतकी का चिडते, हेही त्याने विचारलं. माफी फुकट मिळालेली बघवत नाही म्हणून का? त्यावर मी काही बोलले नाही.

यंदाही फिल्म लावणार आहे. 'हसू नका' अशी तंबी आधी द्यावी, असं भावाचं म्हणणं. मी देणार नाही. जी पोरं बापाला हसतात तीच पुढे टारँटेलाला ताल धरतात. आधीच गंभीर करून बसवलेला वर्ग पायही हलवणार नाही. हे त्याला पटलेलं नाही, आणि त्याला पटेपर्यंत थांबायचं तर ही फिल्म मला कधीच लावता येणार नाही.