चढा गंधार: परीक्षकांचा एक शेरा आणि १४ सेंटचा हिशेब

मागच्या नोंदीत ज्या शेऱ्यापाशी मी वैतागून थांबले होते, त्याचा उलगडा अखेर झाला आहे, निदान बऱ्याच अंशी. हौशी गायकांची स्पर्धा, राग भूप, मध्यलय त्रिताल, काळी चारची पट्टी, साथीला फक्त तानपुरा आणि तबला, आणि गुणपत्रकावर पहिल्या परीक्षकांच्या हातचे दोनच शब्द: ‘गंधार चढा’, म्हणजे ‘ग’ हा स्वर हवा त्यापेक्षा उंच. घरी त्याच बंदिशीतला गंधार ट्यूनरसमोर, म्हणजे स्वराची उंची दाखवणाऱ्या यंत्रासमोर, लावला की काटा मधोमध आणि दिवा हिरवा. परीक्षकांचा कान एक सांगतो आणि यंत्र दुसरेच, तर मानायचे कोणाचे, हा तेव्हाचा प्रश्न होता. आता मी निःशंकपणे कानाच्या बाजूची आहे, पण तिथे पोहोचायला बरीच मोजदाद करावी लागली.

या शेऱ्यामागे लागण्याचे कारण एवढेच की त्यात स्वराचे नाव होते आणि दिशाही होती. हौशी गायकांच्या वाट्याला येणारे बहुतेक शेरे तसे नसतात. ‘भाव वाढवावा’, ‘रियाज हवा’, ‘आवाज गोड आहे’ या वाक्यांचे दुसऱ्या दिवशी तंबोरा लावून बसल्यावर नेमके काय करायचे, हे कोणालाच सांगता येत नाही. गुणांचा तर त्याहून कमी उपयोग; स्वराच्या रकान्यातले गुण वाढले की घटले एवढे कळते, कोणत्या स्वरामुळे ते कळत नाही. दुसऱ्या परीक्षकांनी ‘उत्तरांगात देशकाराकडे झुकते’ असे लिहिले होते (देशकाराचे स्वर भूपाचेच, पण जोर गंधाराऐवजी वरच्या भागातल्या धैवतावर), आणि ते काम फार लवकर मिटले. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर दिसले की अंतऱ्यात मी धैवतावर हौसेने रेंगाळत होते. आता तिथला मुक्काम कमी करून प्रत्येक आवर्तनाची ओढ गंधाराकडे ठेवली आहे, आणि तेवढ्याने भूप भूपासारखा वाटू लागला आहे. या छोट्या यशाचा आनंद मी मनसोक्त घेतला, हे नमूद करते.

गंधाराचे मात्र तसे नव्हते. मोजण्यासाठी मी पुन्हा प्राटकडे वळले. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, दिसायला अगदी रूक्ष आहे, आणि ट्यूनरच्या नाचऱ्या काट्यापेक्षा शंभर पटींनी उपयोगी आहे, कारण ते स्वराचा क्षण न दाखवता त्याचा सगळा प्रवास रेषेत मांडते. ज्यांना त्यात आलेख अचानक एक सप्तक खाली किंवा वर उडी मारताना दिसतो, त्यांनी आधी स्वरपट्टीची खालची आणि वरची मर्यादा आपल्या आवाजाप्रमाणे बदलावी; बहुतेक वेळा तेवढ्याने उड्या थांबतात. दुसरी अट अशी की माइकमध्ये तानपुरा शिरता कामा नये, नाहीतर यंत्र आवाजाऐवजी तारेचा पाठलाग करते. म्हणून एका कानात तारेचा हेडफोन आणि दुसरा कान उघडा, अशी व्यवस्था केली. ब्लूटूथ हेडफोनचा विलंब तानपुऱ्याला बाधत नाही, कारण त्याला मात्रा नसतात. पण ठेक्याबरोबर गाताना तोच हेडफोन लय मागे ओढतो. त्यामुळे त्याला रियाजातून पूर्ण रजा दिली आहे.

आता हिशेब. काळी चारचा षड्ज साधारण २०७.६ हर्ट्झवर येतो. ट्यूनर ज्याला बरोबर म्हणतो तो गंधार म्हणजे पुढच्या सप्तकातली पांढरी एक, २६१.६ हर्ट्झ, षड्जापासून नेमकी ४०० सेंट वर (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधले अंतर १०० सेंट). हार्मोनियमही सामान्यतः याच समान अंतरांच्या पद्धतीने लावलेली असते. तानपुरा मात्र हे गणित मानत नाही. षड्जाच्या तारेतून उमटणारा पाचवा स्वयंभू स्वर, म्हणजे आपला स्वयंभू गंधार, सप्तकांचा फरक वजा केला तर षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो. तो मध्य सप्तकात आणून पाहिला तर २५९.६ हर्ट्झ आणि सुमारे ३८६ सेंट भरतो. फरक १४ सेंटचा, हर्ट्झमध्ये जेमतेम दोन. एक स्वर १०० सेंटचा धरला तर हा त्याचा सातवा हिस्साही नाही, म्हणून द्रुत तानेत तो कोणाच्या लक्षात येणार नाही. पण भूपात गंधार वादी, म्हणजे प्रमुख स्वर आहे, त्यावर न्यास, म्हणजे मुक्काम आहे, आणि समोर तानपुरा अखंड स्वतःचा गंधार ऐकवत असतो. तिथे ४०० सेंटचा गंधार धरून थांबले की आवाजातील वरचा अंश (मूळ स्वराबरोबर उमटणारा उपस्वर) खर्जाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, पाचव्या अंशावर आदळून सेकंदाला चारेक हेलकावे निर्माण करतो. परीक्षकांना ते हेलकावे ऐकू आले होते. ट्यूनरला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तानपुरा त्याच्या हिशेबातच नाही.

माझी आधीची फेरी हार्मोनियमच्या साथीवर झाली होती आणि तिथे गंधाराबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते, ही गोष्टही याने जुळते.

हे सगळे सापडल्यावर मला वाटले की लक्ष्य १४ सेंटनी खाली सरकवले की काम झाले. प्रत्यक्षात आलेख तसा निघाला नाही. जाता जाता लागणारे गंधार, उदाहरणार्थ ‘प ग रे सा’ मधले, ३९० च्या आसपास आपोआप बसू लागले, पण न्यासाचा गंधार पुन्हा पुन्हा ४०० च्या पलीकडे जात राहिला. म्हणून हा शेरा देणाऱ्या परीक्षक बाईंना निरोप पाठवून विचारले की चढा म्हणजे चढताना की उतरताना. त्यांचे उत्तर तत्परतेने आले: “दोन्हींत नाही. तुम्ही गंधारावर थांबता तेव्हा बघा. सुरुवात चांगली होते.” एवढ्या एका ओळीने शोधाची दिशाच बदलली. आलेख मोठा करून पाहिला, तर खरोखर स्वराची सुरुवात ३९० ला आणि शेवट ४१० च्या वर. त्याच ठिकाणी आवाजाची पातळीही वाढत गेलेली. समेवर येताना स्वर खुलवायचा म्हणून मी श्वासाचा दाब वाढवते, आणि गळ्याने त्याची भरपाई केली नाही तर वाढलेला दाब स्वरालाही वर ढकलतो. पडताळा म्हणून तोच गंधार एकदा एकाच जोराने आणि एकदा फुलवत लावला: पहिला जागचा हलला नाही, दुसरा चढला. म्हणजे दोन शब्दांच्या शेऱ्यात दोन वेगळी दुखणी दडली होती, एक हार्मोनियमवर घडलेल्या कानाचे आणि दुसरे श्वासाचे, आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा.

कानासाठी उपाय सोपा आणि फार आनंदाचा आहे. हार्मोनियम बंद, ट्यूनर बंद, फक्त तानपुरा लावून गंधार इतक्या हळू आवाजात धरायचा की हेलकावे संथ होत होत थांबतात. ते थांबतात त्या क्षणी आपला आवाज वेगळा ऐकू येईनासा होतो आणि तानपुराच मोठा झाल्यासारखा वाटतो. हे पहिल्यांदा साधले तेव्हा मी पुढचा रियाज सोडून तेच करत बसले. एक सूचना: फोनच्या स्पीकरवर हे नीट साधत नाही, त्यातून खर्ज जवळजवळ उमटतच नाही; हेडफोन किंवा बरा स्पीकर हवा. तानपुऱ्याच्या ॲपांपैकी प्रत्येक तार स्वतंत्रपणे बारीक लावता येते तेच घ्यावे, असे माझे मत आहे. खऱ्या तंबोऱ्याची जवारी (तारांखालच्या घोडीची घडण) नीट असेल तर अर्थातच त्याला तोड नाही.

श्वासाचे काम अजून अर्धवट आहे. फुलवण्याची सवय सोडायची नाही, कारण ती गेली तर गाणे सपाट होईल आणि मग ‘भाव वाढवावा’ हा शेरा पुन्हा येईल. सध्या मी गंधार आधी फुलवते, मग त्याच श्वासात ओसरवते आणि रेषा आडवी राहते का ते नंतर पाहते. चांगल्या दिवशी चढ पाचसहा सेंटांवर राहतो. वाईट दिवसांचे आकडे इथे देत नाही.

पुढचा बेत असा होता की आणखी एका स्पर्धेत नाव द्यायचे आणि शेऱ्यांची वाट पाहायची. पण हे लिहिताना लक्षात येते आहे की मला उपयोग झाला तो स्पर्धेपेक्षा ‘कुठे’ या प्रश्नाच्या उत्तराचा, आणि ते उत्तर शेऱ्याच्या रकान्यात मावत नाही म्हणून मला निरोप पाठवून मिळवावे लागले. तेव्हा बेत बदलते. बंदिशीची स्वरलिपी मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या प्रती काढणार आहे आणि गाण्याआधी दोन जाणत्या श्रोत्यांच्या हाती देणार आहे; त्यांनी काहीही न लिहिता फक्त खटकलेल्या अक्षराखाली रेघ मारावी आणि चढा वाटल्यास वर, उतरा वाटल्यास खाली बाण काढावा. दोघांच्या रेघा एकाच जागी पडल्या तर ती जागा प्राटमध्ये तपासायची, वेगवेगळ्या पडल्या तर तूर्त सोडून द्यायची. स्पर्धेच्या परीक्षकांना अशी प्रत देता येणार नाही, त्यांना एकामागून एक कितीतरी गायक ऐकायचे असतात. पण शेरा मिळाल्यावर नम्रपणे एकच नेमका प्रश्न विचारायला हरकत नसावी, आणि बहुतेक जण आनंदाने सांगतात असा माझा अनुभव आहे.

एक पेच मात्र उरला आहे. पुढच्या फेरीत हार्मोनियमची साथ सक्तीची आहे. पेटी ४०० चा गंधार वाजवणार, तानपुरा ३८६ चा, आणि मी मध्ये. पेटी तानपुऱ्याच्या ५:४ सारख्या प्रमाणांत लावून घेता येते, आतल्या धातूच्या सूरपट्ट्या घासून, पण ती मग एकाच षड्जाला उपयोगी पडते, आणि परक्याच्या पेटीबाबत तर तो विचारच नको. माझा सध्याचा विचार असा आहे की साथीदारांना आधीच विनंती करायची: न्यासाच्या गंधारावर पेटीने गंधार न धरता षड्ज-पंचमावर थांबावे. त्यांना हे पटेल की आगाऊपणा वाटेल, याचा अंदाज येत नाही. ज्यांनी पेटीच्या साथीने भूप किंवा यमन गायला आहे, त्यांनी न्यासाच्या जागी काय ठरवून घेतले होते ते जरूर कळवावे; विशेषतः साथीदाराशी बोलण्याची भाषा कशी ठेवली, ते.