वाचनालयाच्या संगणकावर वर्ड का नाही?

देवघेवीच्या टेबलापाशी उभं राहून कुणीतरी आमच्या संगणकाच्या पडद्याकडे बघतं आणि विचारतं, "हे वर्ड नाही ना? मग तुमचं काम अडत नाही का?" दुसऱ्या वाचनालयांचे कार्यवाह भेटले की हेच विचारतात. लेखापरीक्षकांनी विचारून झालं, माझ्या भाच्याने तर दोनदा. दर वेळी घाईत अर्धंच उत्तर देते. आमच्याकडे वर्डच्या जागी लिब्रे ऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते का, हे तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, शंभरी गाठलेलं. शताब्दीची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा जुन्या ठरावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. १९३४ सालच्या इतिवृत्ताची वही कपाटातून काढली. कागद पिवळा पडलेला, कडा खाल्लेल्या, पण टाकाने लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचता आलं. कोणत्या सभेत किती सभासद हजर होते, कंदिलाच्या तेलाला किती खर्च आला, सगळं. मग १९९९ ते २००८ या वर्षांकडे वळले. तोपर्यंत वाचनालयात संगणक आला होता. इतिवृत्तं त्यावर टाइप व्हायची आणि प्रिंट वहीत चिकटवायची पद्धत होती. यातल्या बऱ्याच वर्षांचे प्रिंट चिकटवायचे राहून गेलेले. फाइली मात्र सीडीवर होत्या. उघडल्या, तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही.

फाइल बिघडलेली नव्हती. त्या काळी मराठी टाइप करायला एक फॉन्टचं पॅकेज घेतलं होतं आणि ते चालायला संगणकाच्या मागे एक छोटं कुलूप, म्हणजे डोंगल, लावावं लागायचं. तो संगणक भंगारात गेला, त्याच्याबरोबर कुलूपही गेलं. असल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. संगणकाच्या लेखी ते सगळं इंग्रजीच. फॉन्ट गेला की चित्रं गेली, मागे उरला तो इंग्रजीचा भुसा. शिवाय प्रत्येक कंपनीने अक्षरं आपापल्या मर्जीने बसवलेली, त्यामुळे एकीचा फॉन्ट दुसरीच्या फाइलीला लागू पडत नाही.

नव्वद वर्षांपूर्वीची वही वाचता येते आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, हे मला फार लागलं. वाचनालयाचं कामच मुळी जपून ठेवण्याचं. त्या दिवसापासून आमच्या दप्तराकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. उद्याचा कार्यवाह, जो अजून शाळेतही गेलेला नाही, त्याला हे उघडता येईल का, हा माझा प्रश्न झाला. वर्ड की दुसरं काही, हा विचार त्याच्या बराच मागून आला.

म्हणून आधी फॉन्टचं काम घेतलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जगभर एकच असतो. देवनागरी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तकं हौशी लोकांनी करून ठेवली आहेत. ती चालतात, पण डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे "स्थिती", "व्यक्तिमत्त्व" अशा जोडाक्षरांच्या शब्दांत वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. रफार हरवतो. "दुसऱ्या"मधला ऱ्या तर हमखास तुटतो. बी.ए.ला असलेल्या एका मुलीने दोन महिने बसून सगळं तपासलं. दोन वर्षांच्या फाइली आम्हाला अजून उलगडलेल्या नाहीत, बाकीची सगळी इतिवृत्तं परत मिळाली.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट समोर आली. तिन्ही संगणकांवरचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेल, दुकानदाराने "टाकून दिलेलं" होतं. आपल्याकडे संगणक जोडून घेतला की ते असंच येतं, त्याचा परवाना कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. आमच्या भिंतीवर पाटी आहे: संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढू नये. त्या पाटीखाली बसून चोरीच्या प्रतीवर वार्षिक अहवाल टाइप करायचा, हे मला पटेना. मी बँकेत नोकरी केलेली बाई. ज्याची पावती नाही ते दप्तरात ठेवायची सवय नाही. परवाने विकत घ्यायचा हिशोब मांडला. दर वर्षी वर्गणी भरा, तीन संगणकांसाठी भरा, थांबलात की संपादन थांबलं. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला असा कायमचा खर्च डोक्यावर घेणं जड जातं. आणि खरं सांगायचं, तेवढ्या पैशात वर्षाला बरीच पुस्तकं येतात.

लिब्रे ऑफिस आमच्याकडे असं आलं. त्याचं मूळ स्टार ऑफिस नावाच्या एका जर्मन पॅकेजमध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९मध्ये विकत घेतलं आणि २०००मध्ये त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर, सर्वांसाठी खुला केला, तेच ओपनऑफिस. २०१०मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्या अनेकांना पुढची काळजी वाटली, तेव्हा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन उभं केलं आणि लिब्रे ऑफिस या नावाने काम पुढे नेलं. मालक बदलला तरी काम बुडलं नाही, कारण स्रोत खुला होता. वाचनालय चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कार्यकारी मंडळाला मात्र समजावावं लागलं. सभेत मी एक फाइल घेतली, लिब्रे ऑफिसच्या ओडीटी स्वरूपात साठवलेली. तिच्या नावातलं ओडीटी पुसून झिप लिहिलं (झिप म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) आणि ती उघडली. आत चार-पाच छोट्या फाइली. त्यातली कंटेंट नावाची नोटपॅडमध्ये उघडली, तर खुणांच्या गर्दीत आमचं इतिवृत्त सरळ मराठीत दिसलं. "उद्या लिब्रे ऑफिसही नसलं, तरी हे असं वाचता येईल," एवढंच मी म्हटलं. खरं बोलायचं तर वर्डची डॉकएक्स फाइलही अशीच उघडते, तीही झिपच आहे. फरक आहे तो त्यांच्यामागे असलेल्या मानकाचा, म्हणजे फाइल कशी साठवायची याच्या ठरलेल्या नियमांचा. ओडीटी ज्यात येतं ते ओडीएफ २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. डॉकएक्सच्या मागचं ओओएक्सएमएल २००८मध्ये झालं, पण तो प्रस्ताव ६,००० पानांहून मोठा होता आणि भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं. इतकं मोठं मानक दुसऱ्या कुणी जसंच्या तसं पाळणं किती अवघड, हे फाइली इकडून तिकडे नेताना रोज कळतं.

आता अडतं का, ते सांगते. पहिला महिना अडलं. लिब्रे ऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि इंग्रजीचा फॉन्ट वेगवेगळे ठरवावे लागतात. देवनागरीचा कप्पा "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" अशा नावाने सेटिंगमध्ये दडलेला असतो. तो सुरू करून भाषा मराठी निवडली नाही, तर आकार बदलूनही मराठी अक्षर तेवढंच राहतं आणि माणूस वैतागून सोडून देतो. मराठी निवडण्याला आणखी एक कारण आहे. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, त्यात मग आपल्या वळणाचे ल आणि श उमटतात. हिंदीवर ठेवलं तर हिंदी वळणाचे येतात. आम्ही "मुक्त" नावाचा फॉन्ट घेतला, एकटाइप या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा आहे आणि खुल्या परवान्याखाली मिळतो. नोटो हा फॉन्टही ठेवला आहे. आलेल्या पत्रात मंगल हा फॉन्ट असेल आणि संगणकावर तो नसेल, तर त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो आणि ओळी खालीवर होतात. इंग्रजीत कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो बसतो. अक्षरांची रुंदी तंतोतंत तीच, त्यामुळे पान हलत नाही. मराठीसाठी अशी जोडी कुणी केलेली मला माहीत नाही. व्हायला हवी.

ज्या क्षणी आमच्या ग्रंथपालबाईंचं मत बदललं, तो पुस्तकांच्या यादीचा होता. अठरा हजार पुस्तकांची दाखल नोंदवही. जुन्या फॉन्टमध्ये लेखकांची नावं क्रमाने लावायला सांगितली की संगणक इंग्रजीच्या क्रमाने लावायचा, म्हणजे आमच्या दृष्टीने कसाही. बाई मग हाताने लावायच्या, दर वर्षी. युनिकोडमध्ये आणलेली यादी कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रे ऑफिसच्या एक्सेलसारख्या भागात, घेतली, भाषा मराठी निवडली, आणि नावं अकारविल्हे लागली. बाई बराच वेळ नुसतं पान वर-खाली करत राहिल्या. हे एक्सेलमध्येही झालं असतं, युनिकोड केल्यावर. मी त्यांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "झालं असतं, पण झालं इथे."

न जमलेलंही सांगते. मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घातलेली एक्सेलची फाइल आली की कॅल्क तिच्यापुढे अनेकदा हात टेकतं. आमच्या लेखापरीक्षकांची एक फाइल अशीच आहे, ती आम्ही त्यांच्याच कार्यालयात बसून भरतो. तुमचा सगळा व्यवसायच असल्या फाइलींवर चालत असेल, तर घाईने बदलू नका, असं मी स्पष्ट सांगते. वर्डमध्ये चौकटीत चौकट घालून केलेले अर्ज इकडे विस्कटतात. म्हणून आम्ही नियम केला: आपलं दप्तर ओडीएफमध्ये, बाहेर जाणारं अंतिम पत्र पीडीएफमध्ये, आणि समोरच्याने मागितलं तरच डॉकएक्स. मेनू मराठीत करून पाहिला, आठवड्याने बाईंनी परत इंग्रजी केला, कारण शब्द ओळखीचे वाटेनात. त्याचं मला वाईट वाटलं. तो अनुवाद स्वयंसेवक करतात आणि कुणालाही त्यात भर घालता येते. शब्द खटकत असतील तर ते सुधारणं आपल्याच हाती आहे. दर रविवारी तासभर मी ते करते.

भाचा म्हणतो, म्युनिक शहराने हे करून पाहिलं आणि परत गेले. खरं आहे. म्युनिकने २००० नंतरच्या दशकात हजारो संगणक लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर, नेले आणि २०१७मध्ये परत फिरायचं ठरवलं. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३०,००० संगणक लिब्रे ऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. जवळचं उदाहरण हवं तर केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच संगणक शिकतात. भाच्याला मी एवढंच विचारते, की म्युनिकच्या फाइली परत येताना कुलूपबंद होत्या का? खुल्या मानकातल्या होत्या, म्हणून परतीचा रस्ताही मोकळा राहिला.

"मग झोहो का नाही, ते तर आपलं भारतीय?" हाही प्रश्न हल्ली येतो. झोहो हे इंटरनेटवरून चालणारं ऑफिस, चांगलं आहे, मला त्याविषयी तक्रार नाही. पण त्याचा स्रोत खुला नाही आणि फाइली त्यांच्या सर्व्हरवर राहतात. आमची गरज वेगळी आहे: इंटरनेट गेलं तरी देवघेव चालू राहावी आणि दप्तर वाचनालयाच्या कपाटात असावं.

पैशांचं विचारता, तर वाचले म्हणून ते शिल्लक पडलेले नाहीत. वर्गणीला गेले असते त्यातले काही आम्ही त्या बी.ए.च्या मुलीला मानधन म्हणून दिले. सांगाल तर मी म्हणेन, शिकवण्यावर खर्च करायची तयारी नसेल तर मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. ते आणून ठेवलं आणि कुणी शिकवलं नाही, की महिन्याभरात पेनड्राइव्हवरून पुन्हा जुनी प्रत येते. दोन वाचनालयांत हे झालेलं मी पाहिलं आहे.

पुढे देवघेवीसाठी कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर घ्यायचा विचार आहे. न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआच्या ग्रंथालयांनी आपली जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नाही म्हणून ते करवून घेतलं आणि मग सगळ्या जगाला देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याला लिनक्स सांभाळणारा माणूस लागतो. सध्या आमच्याकडे लिनक्स एकाच संगणकावर आहे. विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि तो संगणक विंडोज ११ घेईना, म्हणून त्याच्यावर लिनक्स घातलं. सध्या त्यावर वृत्तपत्र विभागातली मुलं स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतात. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

तुमच्या संस्थेच्या जुन्या फाइली असतील, पतसंस्थेच्या, भजनी मंडळाच्या, शाळेच्या, तर एक पेनड्राइव्हवर घेऊन या. शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ मी असते. आणि त्या काळातला तो डोंगल कुणाच्या माळ्यावर पडलेला असेल तर तोही आणा. आमची दोन वर्षं अजून बंद आहेत.