आतल्या अंगाला पट्टे

मे महिन्यात भाचा राहायला आला तो काखेत एक खोकं घेऊन. आत रिमोटची गाडी, आणि तिच्यावर घालायची बॉडी वेगळी. ही बॉडी साफ पारदर्शक, मिठाईच्या डब्याच्या झाकणासारखी. "मावशी, ही आपणच रंगवायची असते." दर दिवाळीआधी खिडक्यांचे गज मी स्वतः ऑइलपेंटने रंगवते. म्हटलं, चहा होईपर्यंत उरकू.

खोक्यात रंगाचे तीन स्प्रे होते. पिवळा, काळा आणि पांढरा. गाडी पिवळी आणि टपावरून दोन काळे पट्टे, हे त्याचं शाळा सुटायच्या आधीपासून ठरलेलं. पांढरा कशाला, ते आम्हा दोघांनाही कळेना. दुकानदाराने गळ्यात मारला असणार, असं म्हणून मी तो कपाटावर ठेवून दिला. ही चूक लक्षात ठेवा.

ही बॉडी पॉलिकार्बोनेटची. हौशी मंडळी तिला लेक्सन म्हणतात. जाडी पोस्टकार्डापेक्षा थोडी जास्त, पण भिंतीवर आदळली तरी वाकते आणि परत जागेवर येते. म्हणूनच तिला रंगही तिच्याबरोबर वाकणारा लागतो. शिझुओकाच्या तामिया कंपनीच्या स्प्रेंमध्ये यासाठी दोन घराणी आहेत, लेक्सनसाठी पीएस आणि कडक प्लास्टिकसाठी टीएस. कडक प्लास्टिकचा रंग लेक्सनला मारला तर पहिल्याच धडकेत पापुद्रे सुटतात. तामियाची पहिली रिमोटची गाडी, १९७६ सालची पोर्शे ९३४, कडक बॉडीची होती, म्हणजे सरळ बाहेरून रंगवायची. आमच्या वाट्याला आली ती आतून रंगवायची. रंग आतल्या बाजूला बसला की वरून कितीही खरचटलं तरी तो शाबूत राहतो, आणि चकाकी प्लास्टिकची आयती मिळते. युक्ती झकास आहे.

बॉडी भांड्यांच्या साबणाने धुतली, साच्याचा तेलकटपणा जावा म्हणून. खिडक्यांवर आतून कागदी चिकट्या लावल्या. मग गच्चीवर, वारा पडल्यावर, जुन्या वर्तमानपत्रावर बॉडी उताणी ठेवून पिवळा मारला. एकदम थापायचा नाही, विरविरीत हात द्यायचे, मध्ये वाळू द्यायचं. तेवढा संयम आम्ही दाखवला. पिवळा वाळल्यावर मास्किंग टेप लावून दोन काळे पट्टे. टेप ओढून काढली तेव्हा आत पट्ट्यांच्या कडा अशा धारदार आल्या होत्या की भाच्याने मला टाळी दिली.

बाहेरच्या अंगाला एक पातळ फिल्म असते. उडालेला रंग तिच्यावर बसतो आणि शेवटी ती सोलून टाकायची. सोलताना होणारा आनंद उकडलेल्या बटाट्याचं साल अखंड निघावं त्या जातीचा. आम्ही एकेक कोपरा धरून ओढली. खाली लखलखीत पिवळी गाडी. पट्टे मात्र नाहीत. होते म्हणजे, पिवळ्याच्या मागून पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर धरतं तसं हिरवट शेवाळ वर आलं होतं. दोन रुंद, सरळ, शिस्तीत धरलेलं शेवाळ.

आतून रंगवायचं तर जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी मारायचं. आधी काळे पट्टे, मग पिवळा, आणि पिवळा पातळ पडतो म्हणून त्याच्या पाठीला पांढरा. कपाटावरचा पांढरा डबा त्यासाठी होता. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

लाज वाटायचं कारण वेगळंच. पुण्यातल्या केळकर संग्रहालयात काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं आहेत, ती मी लहानपणापासून किती वेळा पाहिली असतील. पाहुणे आले की त्यांना मीच सांगते, "बघा, चित्रकाराने नथीतला मोती आधी काढलाय, चेहरा नंतर, आणि मागचा पडदा सगळ्यात शेवटी." असं सांगताना माझा आवाजही जरा वर चढतो. स्वतःच्या हातात स्प्रे आल्यावर मोती पडद्यामागे गेला.

थिनरने पुसून पुन्हा करू, असं माझ्या डोक्यात आलं. नशिबाने आधी चाकांच्या कमानींमधून कापून काढलेल्या एका तुकड्यावर बोळा फिरवून पाहिला. रंग गेला, पण त्याच्याबरोबर तुकड्याचा पारदर्शकपणाही गेला. दुधी, धुरकट, आणि वाकवल्यावर कट्कन मोडला. बोळा टाकून दिला.

मग उगाच राहिलेली खुमखुमी पुढच्या बंपरवर काढली. त्याला चंदेरी रंग दिला, तो दुसऱ्या दिवशी कुंडीला धडकून टरफलासारखा निघाला. हे काळे भाग नायलॉनचे, त्यावर रंग टिकतच नाही. जाणकार लोक पांढऱ्या नायलॉनचे भाग घेतात आणि कापडाच्या रंगात उकळतात. आईने जुनी नायलॉनची साडी पातेल्यात बुडवून जांभळी केली होती तसंच. त्या पातेल्यात पुन्हा कधी स्वयंपाक झाला नाही, हेही आठवलं. म्हणून तो प्रयोग मी भाच्याच्या आईच्या घरी ढकलला आहे.

गाडी आता शेवाळलेल्या पट्ट्यांनीच धावते. सोसायटीतल्या पोरांनी विचारलं तेव्हा भाच्याने पापणीही न हलवता "जंगल मॉडेल आहे" म्हणून सांगितलं. बॅटरी संपली की मात्र चार क्लिपा काढून बॉडी उचलावी लागते. तो ती मुद्दाम उताणी ठेवतो, आणि नवी बॅटरी जोडायला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावतो. तेवढा वेळ ते दोन काळेभोर पट्टे पोरांपुढे उघडे असतात.