विंगेतली अंतराळवीर

सारा गार्सिया आलोन्सो मूळची स्पेनमधल्या लिऑनची, जन्म १९८९चा. पीएचडी कर्करोगावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेनं नव्या अंतराळवीरांची नावं जाहीर केली. अर्ज साडेबावीस हजारांच्या वर, निवडले सतरा. त्यांतले पाच पूर्णवेळ. सारा राखीव यादीत. म्हणजे नोकरी आहे तीच करायची आणि संधी निघाली तर जायचं.

माझ्या भाच्याला हे अजिबात पटलं नाही. "मावशी, एवढ्यांतून निवडली आणि परत लॅबमध्येच?" तो शुभांशू शुक्लांचा भक्त. जून २०२५ मध्ये ते अंतराळ स्थानकाकडे निघाले तेव्हा फोंड्याच्या आमच्या घरात टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हता. मी विचारलं, प्रशांत नायर कोण ते सांग. गप्प. शुक्लांना ऐनवेळी जाता आलं नसतं तर जे गेले असते, ते.

आमच्या बाबांनी जत्रेच्या नाटकात वर्षानुवर्षं हेच केलं. मुख्य नटाची नक्कल तोंडपाठ, प्रत्येक तालमीला हजर, आणि नाटकाच्या रात्री विंगेत वही धरून उभे. त्या नटाचा घसा काही कधी बसला नाही. आई चिडवायची. बाबा म्हणायचे, "मी आहे म्हणून तो निर्धास्त गातो."

पण साराचं दिवसाचं काम मला जास्त जवळचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा आणि मायक्रोटोमवर त्याचे चार मायक्रॉनचे काप काढायचे. काप एकाला एक चिकटून फीत होते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुती गेली की काचेवर उचलायची. पावसाळ्यात पंखा चालू राहिला तर फीत उडून थेट नाकावर. मग रंग द्यायचा. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, आणि काही स्लाइडवर ती नको इतकी मोठी, वेडीवाकडी, दाटीवाटीनं बसलेली दिसतात. निदान डॉक्टरांचं. मी स्लाइड ट्रेमध्ये ठेवते आणि पुढचा ब्लॉक घेते.

ती दाटी होते कशी, हा साराचा विषय. माद्रिदच्या राष्ट्रीय कर्करोग संशोधन केंद्रात ती मारियानो बार्बासिद यांच्या गटात काम करत आली. १९८२ मध्ये माणसातलं पहिलं कर्कजनुक शोधणाऱ्यांपैकी ते एक. स्वादुपिंडाच्या कर्करोगात बहुतेक वेळा के-रास नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि पेशीला सतत 'वाढ, वाढ' म्हणत राहतं. हा निरोप पुढे नेणाऱ्यांत राफ-१ हे प्रथिन. उंदरांवरच्या प्रयोगांत या गटाला दिसलं की राफ-१चं रासायनिक काम नुसतं थांबवून भागत नाही, ते प्रथिनच काढून टाकावं लागतं. काढायचं तर ते कुणाच्या आधारानं टिकतं हे आधी कळायला हवं. एचएसपी-९० आणि सीडीसी-३७ ही दोन प्रथिनं त्याला सांभाळतात. हे त्रिकूट एकमेकांना कसं धरून बसतं, त्याची रचना साराच्या गटानं २०२२ मध्येच प्रसिद्ध केली. त्याच वर्षी निवड! माझ्या लेखी त्या वर्षातली मोठी बातमी त्या रचनेची होती, पण पेपरात फोटो येतो तो निळ्या पोशाखातला.

राखीव म्हणजे कायमचं जमिनीवर, असंही नाही म्हणा. तिच्याच यादीतले स्वीडनचे मार्कुस वांट २०२४च्या सुरुवातीला अंतराळात जाऊनसुद्धा आले.

ती भेटली तर लोक "कधी जाणार?" हेच विचारणार. मी विचारीन, बाई, तू अंतराळवीराच्या प्रशिक्षणाला जर्मनीत कोलोनला जातेस तेव्हा लॅबमध्ये वाढवलेल्या तुझ्या पेशींना खाऊ कोण घालतं? पेशी रविवार पाळत नाहीत. आणि बदलीवर आलेला माणूस इन्क्युबेटरचं दार नीट लावतो का?