हायलक्स, ६,४०० किमी: यादीत काय राहिलं, काय खोडलं

४० किमी

गाडी दसऱ्याला घरी आली आणि त्याच रात्री तिला काय काय बसवायचं याची यादी तयार झाली. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची मोटर), स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), स्टीलचे पुढचे-मागचे बंपर, सस्पेन्शनची दोन इंच लिफ्ट, चिखलाचे मड टायर, रूफ टेंट, टपावर लाइटबार. एकूण १७ नग. बायकोने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "मग नवी गाडी कशाला घेतलीस? सुटे भाग आणून घरीच जोडली असतीस."

गाडी म्हणजे टोयोटा हायलक्स पिकअप, वरचं व्हेरियंट, मॅन्युअल. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, ४२० न्यूटन-मीटर (ऑटोमॅटिकला ५००). लो रेंज (हळू पण जोरकस गिअर) आहे, मागचा डिफ-लॉक (डिफरन्शियल जखडून मागची दोन्ही चाकं सारखी फिरवणारा) कंपनीचाच आहे. ताकदीत भर घालायचं काही कारण नाही, त्यामुळे रिमॅपचा (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचा) विषय माझ्यापुरता सुरू व्हायच्या आधीच संपला.

मागचा स्टील बंपर सोसायटीच्या सेक्रेटरींनी खोडला. म्हणजे त्यांना तसं माहीत नाही. पार्किंगची आखलेली जागा पाच मीटर, गाडी ५,३२५ मिमी. नाक भिंतीला टेकवलं तरी हौद्याचा फाळका पट्ट्याबाहेर एक फूट येतोच. त्यात आणखी चार इंच लोखंड लावलं असतं तर पुढच्या सर्वसाधारण सभेत माझ्यावर स्वतंत्र ठराव आला असता.

पुढचा बंपर मात्र मी कायदा वाचून खोडला. क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिलं, आधार मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द आपल्यासारख्यांनी नीट वाचावेत. १७ नगांच्या यादीचा गुणाकार मी करून बघितला आणि मग यादी पेनऐवजी पेन्सिलने लिहायला घेतली. गंमत म्हणजे मी रोज सकाळी फिरायला जातो ती एआरएआयचीच टेकडी. देशभरातल्या गाड्या जिथे तपासून घेतात त्या संस्थेच्या मागे चालत चालत मी बेकायदा बंपरचे विचार करत होतो.

९०० किमी

सासवडच्या पुढे मित्राचं शेत आहे. परतीचा पाऊस आदल्या रात्री कोसळून गेला होता. बांधापासून विहिरीपर्यंत जेमतेम दीडशे मीटर, आणि जमीन काळी. मुळशी-वेल्ह्याची तांबडी माती निसरडी असते, पण टायरमधून सुटते तरी. काळी माती सुटत नाही. कंपनीचे रस्त्याचे टायर दोन फेऱ्यांत लाडवासारखे गुळगुळीत झाले. फोर-लो (लो रेंजमध्ये चारही चाकांना ताकद), डिफ-लॉक, सगळं लावून झालं. चारही चाकं इमाने-इतबारे फिरत होती आणि गाडी इमाने-इतबारे खाली बसत होती.

शेजारच्या शेतातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. वाकून बघितलं, म्हणाले, "पाव्हणं, चारी चाकं फिरली म्हंजी चारी चाकं रुतली. आता साखळी कुठं लावू ते सांगा."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. समोर खाली जी कडी दिसते ती गाडी ट्रेलरवर किंवा जहाजात बांधून ठेवण्यासाठी असते. तिला हळू ओढ बसली तर एकवेळ चालेल, झटका बसला तर ती तुटून गोळीसारखी सुटू शकते. टो-हिचचा गोळा त्याहून वाईट. त्याला दोर अडकवून झटका दिल्याने जगभरात माणसं मेली आहेत. काकांना म्हटलं, "काका, झटका नको, मागून हळूहळू ओढा." त्यांनी पहिल्या गिअरला इंचाइंचाने काढलं. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

घरी येऊन यादीच्या डोक्यावर दोन नवे नग लिहिले, ते आधी यादीत नव्हतेच. चासीला हाय-टेन्साइल बोल्टने बसणारे दोन रिकव्हरी पॉइंट (अडकलेली गाडी ओढायला दोर लावायच्या मजबूत जागा), आणि हवेचा कंप्रेसर. सोबत ४.७५ टनी शॅकल (दोर जोडायची लोखंडी कडी) दोन, एक सॉफ्ट शॅकल (तीच, पण दोराची), एक कायनेटिक दोर. हा दोर ओढताना रबरासारखा ताणतो, त्यामुळे ओढणाऱ्या गाडीचा धक्का पसरून बसतो. पट्टा किंवा साखळी ताणत नाही, म्हणून तिथे झटका चालत नाही. एवढा साधा फरक मला चाळिशीत कळला.

पुढच्या आठवड्यात त्याच शेतात, त्याच टायरवर, हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणून गेलो, म्हणजे टायर पसरून पकड वाढते. आरामात विहिरीपर्यंत जाऊन आलो. प्रामाणिकपणे सांगतो, तोवर जमीन बरीच वाळली होती. तरीही ज्याच्याकडे हवा भरायला कंप्रेसर नाही तो हवा सोडायला धजत नाही, आणि जो हवा सोडत नाही त्याचा निम्मा फोर-बाय-फोर वायाच जातो.

१,६०० किमी

सस्पेन्शनवाल्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मागे कायमचं वजन किती असतं?" मी म्हटलं, "असेल दोनशे-तीनशे." तो म्हणाला, "असेल नको, काट्यावर जाऊन या." हा त्या क्षेत्रातला मला भेटलेला सर्वात शहाणा माणूस.

चाकणच्या वजनकाट्यावर ट्रकांच्या रांगेत उभा राहिलो. युक्ती अशी की आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा मिळतो. टाकी भरलेली, गाडी रिकामी: पुढे १,२५०, मागे ९४०, एकूण २,१९० किलो. चार माणसं, पाणी, फ्रिज, तंबू, शिधा असा आमचा नेहमीचा संसार भरून: पुढे १,३१०, मागे १,१९०, एकूण २,५००.

म्हणजे मागे वाढ अडीचशे किलोची, तीही महिन्यातून एकदा. बाकी दिवस हौद्यात भाजीची पिशवी. पिकअपचे मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मुळातच ओझ्यासाठी बनवलेले असतात. त्यात ३०० किंवा ५०० किलो 'कायम ओझ्या'चे जाड पाटे घातले असते तर सिंहगड रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर मणका मोजून झाला असता. ते पाटे वाईट नाहीत. ज्यांच्या हौद्यावर कॅनॉपी (हौद्यावरचं बंदिस्त छप्पर), ड्रॉवर, दुसरी बॅटरी असं कायम बसलेलं आहे त्यांच्यासाठी ते आहेत.

त्याच चिठ्ठीने विंचही खोडली. ठोकताळा असा की गाडीच्या कंपनीने मान्य केलेल्या कमाल भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची विंच घ्यावी. आपल्याकडे ती साडेनऊ-दहा हजार पौंडांची होते. विंच, तिचं माउंट, स्टील बंपर मिळून नाकावर शंभर किलोच्या आसपास, आणि मग त्यासाठी पुढच्या स्प्रिंगा पुन्हा जाड. एका नगाने दुसरा मागायचा, दुसऱ्याने तिसरा. शिवाय मी एकटा गाडी घेऊन कुठे जात नाही. सोबतची दुसरी गाडी हीच माझी विंच.

२,३०० किमी

आता टायर. यावर मी सर्वात जास्त झोप घालवली.

वरच्या व्हेरियंटला २६५/६० आर१८ (रुंदी २६५ मिमी, भिंत तिच्या ६० टक्के, चाक १८ इंची) येतो, खालच्याला २६५/६५ आर१७. गणित करा: पहिल्याचा व्यास ७७५ मिमी, दुसऱ्याचा ७७६. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच, पण १७ इंचीला टायरची भिंत १५९ ऐवजी १७२ मिमी. हवा कमी केल्यावर फुगायला, दगडाला मिठी मारायला हीच भिंत लागते. आणि माप कंपनीनेच याच गाडीला दिलेलं, त्यामुळे स्पीडोमीटर बरोबर, कागद बरोबर.

मोह २६५/७० आर१७ चा होता. व्यास ८०३ मिमी, म्हणजे डिफखाली (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली) सव्वा सेंटीमीटर जास्त जागा. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मलाही ती उशिरा उमगली. सस्पेन्शन लिफ्टने चासी वर जाते; मागच्या डिफचं हाउसिंग जिथल्या तिथेच राहतं. ते उचलतो फक्त टायर. पण सव्वा सेंटीमीटरसाठी स्पीडोमीटर साडेतीन टक्के कमी दाखवणार, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता, आणि वर कलम १८२-अ. सोडून दिलं.

१७ इंची अलॉय नवे घेतले नाहीत. खालचं व्हेरियंट घेऊन १८ इंची दिखाऊ चाकं लावणारी माणसं पुण्यात भरपूर आहेत. त्यातल्या एकाकडून चार चाकं २८ हजारांत आणली. दोघेही आपण समोरच्याला गंडवलं या आनंदात घरी गेलो.

राहिला प्रश्न एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जाड बांध्याचा टायर) की साधा. दोन्ही ऑल-टेरेनच, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे. साध्याचा लोड इंडेक्स ११२, म्हणजे एका टायरला १,१२० किलो. एलटीचा १२०, म्हणजे १,४००. माझ्या मागच्या चाकावर भरलेल्या गाडीत ५९५ किलो येतात. वजनासाठी एलटी लागतच नाही. एलटी घ्यायचा तो जाड भिंतीसाठी, कारण सह्याद्रीचा काळा बसाल्ट फुटतो तेव्हा सुरीसारखी धार देतो. पण एलटी जड, कडक, आणि माझं ऐंशी टक्के चालणं कोथरूड ते हिंजवडी. साधे ऑल-टेरेन घेतले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३,५०० किमी

सस्पेन्शन बसवलं. पुढे ४० मिमी उंच, मागे हलक्या ओझ्याचे पाटे, चारही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. ५० मिमी का नाही? पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, जास्त उचललं की सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन तिरपा होतो आणि कास्टर (पुढच्या चाकांच्या आधाराचा मागे झुकलेला कोन) कमी होऊन स्टीअरिंग वळणानंतर आपलं आपण सरळ येईनासं होतं. मग वरचे कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारे दांडे) बदला. ४० वर अलाइनमेंट कंपनीच्या मर्यादेत बसली.

ज्या गॅरेजात काम केलं त्यांनी ५०० किमीनंतर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला धरणारे) पुन्हा आवळून देतो म्हटलं होतं. दोनदा गेलो, दोनदा "उद्या या". वरंधा घाटात मागून टक-टक आवाज यायला लागला तेव्हा रस्त्याकडेला स्वतः टॉर्क रेंच लावला. तीन बोल्ट पाव-पाव फेरा आवळले गेले. रेंच तेव्हापासून गाडीतच असतो.

४,४०० किमी

भोसरीत बॅश प्लेट (इंजिनचं पोट दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा) करून घेतली. ४ मिमी स्टील की ६ मिमी अ‍ॅल्युमिनियम? माझ्या मापाची प्लेट स्टीलची सत्तावीस किलो, अ‍ॅल्युमिनियमची चौदा. तरी स्टील घेतलं, कारण स्टील दगडावरून घसरतं. अ‍ॅल्युमिनियमला दगड चावतो आणि गाडी अडकते. शिवाय वाकलं तर भोर-वेल्ह्यातला कुठलाही वेल्डिंगवाला हातोड्याने सरळ करून देईल.

ड्रॉइंग माझं, त्यामुळे चूकही माझीच. इंजिन ऑइल काढायच्या बोल्टखाली भोक ठेवायला विसरलो. सर्व्हिसला आठ बोल्ट खोलून अख्खी प्लेट उतरवावी लागली. मेकॅनिक दादा काही बोलले नाहीत, फक्त प्लेटवर खडूने एक गोल काढून दिला.

स्नॉर्कलऐवजी ब्रीदरचं काम केलं (ब्रीदर म्हणजे अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर करणारी तोटी). कंपनी ७०० मिमी पाण्याची खोली सांगते. ताम्हिणी-मुळशीच्या ओढ्यात त्याहून जास्त पाणी असेल तर अडचण हवेच्या नळीची नसते, प्रवाहाची असते. तिथे मी उतरणारच नाही. पण तापलेलं डिफ थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत खेचलं जातं. मग ऑइल चहासारखं दिसतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या ब्रीदरला लांब नळी लावून ती टेललाइटच्या मागे उंच नेली. खर्च आठशे रुपयांच्या आत, मडगार्डला भोक नाही. पूर्ण यादीत रुपयाला रुपया सर्वात वसूल झालेला नग हाच.

६,४०० किमी

गेल्या रविवारी पाबे घाट उतरत होतो. कडेला रस्त्याच्या कामाची खडी पडलेली, समोरून एसटी, मी डावीकडे दाबली. फस्स. मागच्या डाव्या टायरच्या भिंतीला चार बोटं चीर. पंक्चर असतं तर दोरी मारली असती; भिंतीच्या चिरेला काहीही मारता येत नाही.

स्टेपनी म्हणून कंपनीचंच १८ इंची चाक ठेवलं होतं. तेच लावलं. ७७५ आणि ७७६: ते गणित इथे कामी आलं. आपल्या गाड्यांच्या फोर-बाय-फोरला मध्ये डिफरन्शियल नसतं, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून व्यासात फरक असलेलं चाक लावून फोर-हाय (नेहमीच्या गिअरमधला फोर-बाय-फोर) टाकलं की ट्रान्सफर केसला (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीला) पीळ बसतो. २६५/७० घेतले असते तर घरापर्यंत टू-व्हीलवर आणि देवाच्या भरवशावर यावं लागलं असतं.

शनिवारी नाना पेठेत जायचंय. तसाच एक साधा टायर आणला तर काम भागतं. एलटी घ्यायचे तर एका अ‍ॅक्सलवर दोन जातींचे टायर चालत नाहीत, म्हणजे निदान दोन, खरं तर चार. बायकोला अजून एकाचंच सांगितलंय.